पोरांचंच तर आहे!

सोसायटीत मे महिन्यात पोरांना सिनेमा दाखवायची आमची पद्धत आहे. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या आत राहतो आम्ही. क्लबहाउसमध्ये उसना प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, खाली चटया आणि १९ पोरं. यंदा हे काम माझ्या गळ्यात पडलं. ग्रुपवर पोल टाकला आणि पोरांनी आयांच्या फोनवरून भरभरून मतं देऊन 'द इमोजी मूव्ही' निवडला. हो, तोच, २०१७चा.

आदल्या रात्री मी त्याच्याबद्दल वाचायला बसले आणि कपाळाला हात लावला. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या दोन साइट्सपैकी रॉटन टोमॅटोजवर ६ टक्के, मेटाक्रिटिकवर शंभरात १२. वर ४ रॅझी, म्हणजे वाईट सिनेमांना थट्टेने देतात ते पुरस्कार, त्यातला एक 'सर्वांत वाईट सिनेमा'चा. तो पटकावणारा हा पहिलाच अ‍ॅनिमेशनपट. (६ टक्के म्हटलं की आपल्यासारख्या पालकांच्या डोळ्यांपुढे लाल शाईचं प्रगतिपुस्तकच येतं. तसं नाहीये ते. शंभरातल्या सहा समीक्षकांना सिनेमा बरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्यांनी ३५ मार्क दिले की भोपळा, ते त्यातून कळत नाही. मेटाक्रिटिकचे १२ मात्र खरंच मार्कांसारखे. तिथे पळवाट नाही.)

ग्रुपवर विचारलं, "दुसरा लावू या का?" एका दादांचं लगेच उत्तर, "अहो ताई, पोरांचंच तर आहे. त्यांना काय कळतंय?" त्याखाली सात अंगठे. म्हणजे परत इमोजीच!

माझा राग या वाक्यावर आहे. खाऊच्या पुड्यापासून नाटकापर्यंत लहान मुलांसाठी काहीही करायचं म्हटलं की हे वाक्य येतं आणि मग कसलंही खपतं. या सिनेमाला समीक्षकांनी झोडपलं तेव्हाही 'लहान मुलांच्या सिनेमावर कशाला एवढं तुटून पडायचं?' असं म्हणणारे होतेच. मला तर वाटतं, निदान कुणीतरी मुलांच्या सिनेमाकडे सिनेमा म्हणून पाहिलं. काही परीक्षणं नुसती शिव्यांची जुगलबंदी होती, हे मान्य. पॅट्रिक स्टुअर्टसारख्या शेक्सपिअर गाजवलेल्या नटाने शीच्या इमोजीला आवाज दिलाय म्हटल्यावर कोण सोडणार? पण मूळ तक्रार खरी होती.

गोष्टीची कल्पना वाईट नाही. एका फोनच्या आत राहणारा जीन नावाचा इमोजी. त्याचं काम एकच, 'असो, ठीक आहे' असं पडेल तोंड करून बसायचं. आणि याच्या चेहऱ्यावर तर सगळंच उमटतं. कुठल्याही वर्गात असं एक पोर असतं. इथून किती काय करता आलं असतं! पण तो निघतो आणि फोनमधल्या एकेका खऱ्याखुऱ्या अ‍ॅपमध्ये शिरतो: आधी कँडी क्रश हा खेळ, मग नाचाचं जस्ट डान्स, मग गाण्यांचं स्पॉटिफाय. पाठलाग करणाऱ्यांपासून वाचायला फायली साठवायचं ड्रॉपबॉक्स, कारण ते म्हणे सुरक्षित. जाहिरात आहे, जाहिरात आहे, असं समीक्षक ओरडत होते ते हेच.

वाचताना मला ती मोठ्या माणसांची किरकिर वाटली होती. मग क्लबहाउसमध्ये डोळ्यांनी बघितलं. कँडी क्रश आल्याबरोबर पुढच्या चटईवरचा सहा वर्षांचा मुलगा ताडकन उभा राहिला, "माझी आजी हा खेळते! तिची लेव्हल खूप पुढे आहे!" पोरं खूष. नंतर अर्ध्या तासात निम्मी चुळबुळायला लागली, दोघं चादरीच्या मागे जाऊन सावल्या पाडत बसली. सिनेमा संपला, दिवे लागले. जीनचं काय झालं, कुणी चकार शब्द काढला नाही. एकच गलका, "आई, फोन दे ना, आई फक्त दोन मिनिटं!"

हीच पोरं गडकरी रंगायतनला 'अलबत्या गलबत्या'ला नेली होती. मतकरींची ती चेटकीण रंगमंचावर आली की खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, आणि परत येताना रिक्षात आम्हाला चेटकिणीच्या आवाजात दम देत होती. त्यांना कळत नाही म्हणे!

पैशाचं म्हणाल तर हा सिनेमा काढणाऱ्या सोनीला कसलाच फटका बसला नाही. सुमारे ५ कोटी डॉलरचा खर्च, जगभरात २१ कोटींच्या वर गल्ला. आईबाप तिकिटं काढतात ती परीक्षण वाचून नाही, सुट्टी आहे आणि बाहेर पाऊस आहे म्हणून. मीही काढली असतीच.

एक गंमत सांगायची राहिली. सौदी अरेबियात तब्बल ३५ वर्षांच्या बंदीनंतर जानेवारी २०१८मध्ये जेद्दाहला मुलांसाठी सिनेमा लावला, तेव्हा त्यात हाच होता. त्या पोरांना तो कसा वाटला असेल, हे मला कुठल्याही टक्क्यांपेक्षा जास्त ऐकायला आवडेल. पडदाच पहिल्यांदा दिसतोय म्हटल्यावर जीनचं नशीब निराळं असणार.

आमच्याकडे मी शेवटी चिठ्ठ्या वाटल्या. म्हटलं, सिनेमा कसा वाटला ते एका तोंडात काढा. १९ चिठ्ठ्यांपैकी १२ जणांनी शीचा इमोजी काढला, डोळे वगैरे अगदी मन लावून. हे कौतुक की शिवी, ते विचारायला गेले तर सगळी खी खी करत पळाली. एका चिठ्ठीवर तोंडच नव्हतं, नुसतं लिहिलं होतं, "काकू भूक लागली."