खासदाराचा गळा आणि तिकीटवाले

कैदी मुदतीआधी सुटला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला त्यात माणुसकी दिसते, दुसऱ्याला लाड. इंग्रजांनी ही पद्धत सुरू केली तेव्हा मात्र काळजी होती सरकारी कोठारातल्या धान्याची. १८०१ मध्ये, जिथे इंग्लंडचे कैदी पाठवले जात त्या ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर फिलिप किंग याने ‘तिकीट ऑफ लीव्ह’ काढलं. जो कैदी स्वतःचं पोट भरू शकतो, त्याला सरकारने का पोसायचं? जा, कमव आणि खा. पण नेमून दिलेला भाग सोडायचा नाही, वागणूक बिघडली तर तिकीट जप्त. (पुढे आपल्या अंदमानातही असली तिकिटं आली.)

हे सगळं समुद्रापार चाललं होतं तोवर लंडनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मग तुमचे कैदी आम्हाला नकोत म्हणून वसाहती कुरकुरू लागल्या. १८५३ मध्ये टास्मानियाला कैदी पाठवणं बंद झालं आणि त्याच वर्षी इंग्लंडातच त्यांना ‘लायसन्स’वर सोडायचा कायदा आला. लायसन्सवर छापलेलं असे की परत आत टाकायला नवा गुन्हा सिद्ध व्हायलाच हवा असं नाही. बदनाम लोकांत ऊठबस, किंवा पोटापाण्याचं प्रामाणिक साधन दिसत नाही, एवढं पुरे. म्हणजे तुरुंगातून आला म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून पुन्हा तुरुंग!

जुलै १८६२. पिल्किंग्टन नावाच्या खासदाराला रात्री संसदेतून परतताना लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर लुटलं, घड्याळ लांबवलं. गळा आवळून लुटायच्या या प्रकाराला ‘गॅरोटिंग’ म्हणत. गरीब वस्तीतल्या लुटालुटीची कोण दखल घेतो? खासदाराचा गळा म्हटल्यावर वर्तमानपत्रं पेटली, आणि बोट थेट तिकीटवाल्यांकडे, म्हणजे लायसन्सवर सुटलेल्यांकडे. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने तर गळ्यात काटेरी पट्टे घातलेल्या सभ्य गृहस्थांची चित्रं छापली. १८६३ मध्ये अशा लुटारूंना फटक्यांची शिक्षा आली, १८६४ मध्ये सुटलेल्यांना दरमहा पोलिसांत हजेरी.

हजेरीला माझा विरोध नाही, पण नुसत्या हजेरीने पोट भरत नाही. शेजारच्या आयर्लंडात तुरुंगांचा प्रमुख वॉल्टर क्रॉफ्टन याने हे आधीच ओळखलं होतं. सुटकेआधी काही महिने लस्क गावच्या शेतावर, जवळजवळ उघड्यावर काम. आणि डब्लिनमध्ये जेम्स ऑर्गन नावाचा अधिकारी मालकांची दारं झिजवून या माणसांना नोकऱ्या मिळवून द्यायचा, वर कामाच्या जागी जाऊन चौकशीही करायचा.