केळ्यातला कोळी ब्राझीलचा नाही, आपलाच आहे

सध्या कोथरूडपासून हडपसरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "पुण्यातल्या एका नामांकित सुपरमार्केटमधून आणलेल्या केळ्यांच्या फणीत जगातला सर्वात विषारी ब्राझिलियन कोळी निघाला. हा चावला की वीस मिनिटांत मृत्यू. केळ्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर त्यात हजारो अंडी असतात, ती पोटात जाऊन फुटतात. फळं घरी आणल्याबरोबर झुरळांचा स्प्रे मारा आणि दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवा. चावलाच तर वर घट्ट बांधा, ब्लेडने चीर देऊन रक्त काढा, चुना लावा. एका मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांची सूचना आहे. आपल्या माणसांना वाचवा." खाली दोन फोटो आणि रांगेने हात जोडलेले.

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करून टाकू. फळांत कोळी निघू शकतो. केळ्याच्या फणीत, द्राक्षाच्या घडात, कोबीच्या गड्ड्यातसुद्धा. शेतात कीड असते, किडीवर जगणारा कोळी असतो आणि दोन केळ्यांमधली अंधारी फट त्याला दिवसा लपायला सोयीची पडते. पण एवढ्यावर मेसेज फॉरवर्ड होत नाही, म्हणून ब्राझील आणावं लागलं.

मेसेजमधला कोळी म्हणजे फोन्यूट्रिया. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत सापडतो, जाळं न विणता रात्री जमिनीवर हिंडून शिकार करतो आणि त्याचं विष खरोखरच जहाल आहे. गिनेसच्या पुस्तकाने एकेकाळी त्याला सर्वात विषारी म्हणून नोंदवलं, सगळी सनसनाटी तिथून उचललेली. तो केळ्यांतून परदेशी गेल्याची खरी उदाहरणंही आहेत. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर गावात एका पबच्या आचाऱ्याला केळ्यांच्या खोक्यातून आलेला असा कोळी चावला होता. हॉस्पिटलात जावं लागलं, पण माणूस वाचला.

आता प्रश्न असा की इंग्लंड केळी आयात करतं, आपण कशाला करू? जगातली साधारण पाव केळी एकट्या भारतात पिकतात. पुण्याच्या बाजारातला माल करमाळा, कंदर, टेंभुर्णीच्या पट्ट्यातून येतो, जळगावकडच्या रावेर-यावलमधून येतो. अटलांटिक आणि हिंदी महासागर ओलांडून ब्राझीलची केळी पुण्यात आणणाऱ्या व्यापाऱ्याचं पहिल्याच खेपेत दिवाळं निघेल. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन "ब्राझीलची केळी आहेत का" असं विचारून बघा. आडत्या काय उत्तर देईल ते इथे छापता येणार नाही.

मेसेजमध्ये मुद्दाम सुपरमार्केट घातलंय, तेही उलटंच आहे. मॉलमध्ये किंवा निर्यातीला जाणाऱ्या केळ्यांच्या फण्या पॅकहाऊसमध्ये सुट्या करतात, चीक निघावा म्हणून तुरटीच्या पाण्याच्या टाकीत धुतात आणि मग खोक्यात भरतात. या अंघोळीत बहुतेक पाहुणे गळून पडतात. स्थानिक विक्रीचा माल मात्र बऱ्याचदा अख्ख्या घडांसकट, केळीच्याच पानांचं बूड घालून ट्रकमध्ये रचलेला असतो. तिथून वखारीत पिकायला आणि पुढे हातगाडीवर. कोळी सापडायचाच तर या वाटेने यायची शक्यता जास्त. याचा अर्थ गाडीवाल्याकडून केळी घेऊ नका असा कुणी काढू नये, कारण त्या वाटेने येणारा कोळी कोण असतो ते आता बघू.

मेसेजखालचे दोन फोटो नीट पाहिले तर ते एकाच प्राण्याचे नाहीत. पहिल्यात पुढचे पाय सरळ वर उभारून, छाती पुढे काढून उभा असलेला कोळी आहे. ती फोन्यूट्रियाची बचावाची प्रसिद्ध पोझ, इंटरनेटवर शोधलं की पहिल्या पानावर मिळते. दुसरा फोटो कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला दिसतो: पिवळ्या केळ्यावर भुरकट तपकिरी, चपट्या अंगाचा कोळी, आठही पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. चेहऱ्यावर, डोळ्यांच्या जरा खाली, एक फिकट पिवळसर आडवी पट्टी. हा हेटेरोपोडा वेनाटोरिया. पायांसकट मोजला तर तळहात व्यापेल इतका मोठा होतो, म्हणून बघणाऱ्याची बोबडी वळते.

हा तुमच्या घरात आधीपासूनच आहे. जुन्या वाड्याच्या तुळईवर, बाथरूमच्या दाराआड, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे रात्री बसलेला असतो. जाळं विणत नाही. झुरळ दिसलं की अर्ध्या क्षणात झडप घालतो आणि दिवा लावला की त्याच वेगाने फटीत शिरतो. मादी अंड्यांची गोल, चपटी, पांढुरकी पिशवी पोटाखाली धरून फिरते. तीन आठवडे सहज, तेही बऱ्याचदा न खातापिता. अशा मादीला कोपऱ्यात गाठून हाताने दाबलं तर ती चावेल. जागेवर दुखेल, थोडं सुजेल, एखाद-दोन दिवसांत उतरेल. याहून पुढे प्रकरण जात नाही.

सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने याला १७६७ मध्ये नाव दिलं. हा मूळचा आशियातला मानतात. इथून जहाजांच्या मालाबरोबर तो जगभरच्या उष्ण प्रदेशांत पोचला, आणि अमेरिकेत तर त्याला केळ्यातला कोळी म्हणूनच ओळखतात. उत्तर अमेरिकेतल्या कोळीतज्ज्ञांनी केळी आणि इतर आयात मालात सापडून त्यांच्याकडे ओळखायला आलेल्या कोळ्यांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सर्वाधिक नमुने या हेटेरोपोडाचे आणि मध्य अमेरिकेतल्या क्युपिएनियस नावाच्या दुसऱ्या एका निरुपद्रवी कोळ्याचे निघाले. फोन्यूट्रिया अगदी मोजके. क्युपिएनियसलाच फोन्यूट्रिया समजून घबराट उडाल्याचे प्रकार तिकडेही झालेले आहेत, आणि फसणाऱ्यांत जाणकारसुद्धा होते. म्हणजे ब्राझीलचा कोळी पुण्यात आला नाही, आपल्याकडचा कोळी मात्र केव्हाच अमेरिकेला जाऊन स्थायिक झाला. ही बातमी कुठल्याही ग्रुपवर आली नाही. परदेशात सेटल झालेल्यांचं पुण्यात एरवी केवढं कौतुक!

वीस मिनिटांत मृत्यू हा दावा तर खुद्द ब्राझीलमध्येही टिकत नाही. कॅम्पिनास शहरातल्या डॉक्टरांनी १९८४ ते १९९६ या काळातले फोन्यूट्रिया चावलेले ४२२ रुग्ण तपासून २००० मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास नव्वद टक्के रुग्णांना फक्त सौम्य त्रास झाला होता, मुख्यतः चावल्या जागी जोरदार दुखणं. गंभीर म्हणावे असे दोघे. प्रतिविष द्यावं लागलं ते शंभरात दोन-तीन जणांनाच. धोका खरा आहे तो लहान मुलांना. तिथेही तासांचा अवकाश मिळतो आणि ब्राझीलमध्ये त्यावर प्रतिविष तयार होतं. या विषाने पुरुषांमध्ये आणखी एक भलतंच अवघड लक्षण दिसू शकतं, पण फॅमिली ग्रुपवर फिरवायच्या मेसेजमध्ये ते बसलं नसतं, म्हणून गाळलं असावं.

पांढऱ्या पुंजक्याचं फार लांबवायला नको. केळ्यावर किंवा देठाशी पांढरं, पिठूळ काही दिसलं तर बहुतेक वेळा तो पिठ्या ढेकूण (झाडांचा रस शोषणारी पांढरी कीड) असतो नाहीतर बुरशी. क्वचित एखाद्या छोट्या कोळ्याचा कोष असेलही. वर सांगितलेली मोठी मादी मात्र पिशवी अशी फळाला चिकटवून निघून जात नाही, ती स्वतःजवळच ठेवते. आणि चुकून अंडी गिळली गेली तरी जठरातल्या आम्लात ती उबत नाहीत, पचतात. केळ्याच्या गाभ्यात दिसणारे काळे ठिपकेही कोळ्याची अंडी असल्याचं याच मेसेजच्या एका अवतारात लिहिलंय. ते न वाढलेल्या बियांचे अवशेष. आपण खातो त्या केळ्यांत बी धरतच नाही.

"डॉक्टरांची सूचना" हे या जातीच्या मेसेजचं जुनं हत्यार आहे. १९९९ मध्ये ईमेलवर अशीच एक कथा फिरली होती: शिकागोच्या विमानतळावरच्या हॉटेलात टॉयलेट सीटखाली कोळी निघाला, बायका दगावल्या, अमुक नियतकालिकात लेख आला. कोळ्याचं नाव खोटं, विमानतळाचं खोटं, नियतकालिकाचंही खोटं. खोटं उघडं पडल्यावर काही वर्षांनी तीच कथा टेलामोनिया डिमिडियाटा हे खरं नाव लावून परत सोडली. हा आपल्याकडच्या बागांतून उड्या मारत फिरणारा, माणसाला काहीही न करणारा कोळी. त्याची बदनामी अजून चालू आहे. सूचना खरी असली की डॉक्टरांचं नाव, तारीख आणि संस्था सोबत असते.

इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. उपचारांचा भाग मात्र नाही, कारण तो वाचून कुणी खरोखर तसं वागलं तर इजा होईल. घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटतो. ब्लेडने चिरल्याने विष बाहेर येत नाही, जंतू मात्र आत जातात. चुन्याने कातडी भाजते. २०१२ मध्ये आसामातल्या सदिया भागात मोठे कोळी चावून दोघे दगावल्याच्या बातम्या आल्या होत्या. हे रुग्ण आधी वैदूकडे गेले होते आणि तिथे ब्लेडने चिरून रक्त काढलं होतं, असं त्या वेळी छापून आलं. मृत्यू कोळ्याच्या विषाने झाला की या उपचाराने, याचा निकाल लागलाच नाही.

कोळी चावलाच तर जागा साबण-पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून शेका, हातात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून डॉक्टरांना विचारा. दुखणं अंगभर पसरायला लागलं, पोटात किंवा पाठीत पेटके आले, दरदरून घाम, उलट्या, दम लागणं यापैकी काही दिसलं किंवा चावलेलं लहान मूल असलं, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. जमल्यास कोळ्याचा फोटो सोबत न्या. तिथे जाऊन "सापाचं इंजेक्शन द्या" असा हट्ट धरू नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी आहे. कोळ्याच्या विषावर ते चालत नाही, उलट त्याचीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

भीती बाळगायचीच असेल तर महाराष्ट्रात तिचा हक्काचा धनी आहे लाल विंचू. कोळ्याचाच आठ पायांचा नातेवाईक. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरायला सुरुवात करेपर्यंत कोकणात गंभीर विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण, विशेषतः मुलं, फुप्फुसात पाणी होऊन दगावत. तो फळांच्या पिशवीतून येत नाही. सरपणात, विटांच्या ढिगात, पायताणात बसतो. त्याच्यावर मेसेज फिरताना दिसत नाहीत.

"मग आयात फळांचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. किवी, वॉशिंग्टनची सफरचंदं, परदेशी लाल द्राक्षं पुण्यात सर्रास मिळतात, आणि अमेरिकेत द्राक्षांच्या घडांत ब्लॅक विडो ही विषारी कोळीण निघाल्याच्या घटना खऱ्या आहेत. तिच्या वर्गातली ब्राऊन विडो भारतातही नोंदलेली आहे. पण ती लाजाळू असते, दाबल्याशिवाय सहसा चावत नाही. घड उचलताना उजेडात बघणं, वाहत्या पाण्याखाली धुणं आणि मुलाला थेट पिशवीत हात घालू न देणं एवढ्यावर भागतं. मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून कोळी मरेल की नाही हा मुद्दा बाजूला राहू द्या, द्राक्षं खारट नक्की होतील.

आणि खाण्याच्या वस्तूवर झुरळांचा स्प्रे कधीही मारू नका. या सगळ्या मेसेजमध्ये घरातल्या माणसांना विषबाधा करू शकेल अशी गोष्ट ती एकच आहे. मारून बसला असाल तर ती फळं फेकून द्या, धुऊन खाऊ नका. कोळी दिसला तर त्याच्यावर काचेचा ग्लास उपडा घाला, खालून पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा सरकवा, ग्लासमधूनच एक फोटो काढा आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर टाका. ओळख पटवणारे लोक तिथे फुकट आणि हौसेने बसलेले असतात. मग जिन्यातल्या मीटरबॉक्सपाशी नेऊन त्याला सोडा. झुरळं तिथेच जास्त आहेत.