घरट्यातला घास नुसत्या ओरडण्याने मिळत नाही

‘जे पिल्लू सर्वांत मोठ्याने ओरडतं, त्याच्याच चोचीत घास पडतो. आई-बाप फक्त आवाज ऐकतात. ओरडायला काही खर्च येत नाही, आणि गप्प राहणारं उपाशी मरतं. म्हणून मागायला शिका!’ आ वासलेल्या चार गुलाबी पिलांच्या फोटोसह हा मजकूर गटागटांतून फिरतो आहे. मागायला जरूर शिका, पण त्यासाठी पिलांना साक्षीला बोलावू नका. त्यांची साक्ष उलटेल.

आधी फोटो. त्यातल्या पिलांचे डोळे अजून उघडलेले नाहीत. या वयात घरट्याला जरासा हादरा बसला की पिलं मान ताठ करून सरळ वर तोंड उघडतात. हादरा आईने दिला की वाऱ्याने, हे त्यांना कळत नाही. टिनबर्गन आणि कुएनन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी कस्तुर कुळातल्या पिलांवर हे तपासून १९३९ मध्ये प्रसिद्ध केलं. आईच्या डोक्याच्या दिशेने चोच वळवणं नंतर येतं, तेही डोळे उघडल्याबरोबर नाही. फोटोतली पिलं कदाचित कॅमेरा धरणाऱ्याकडेच घास मागत असतील.

‘आई-बाप फक्त आवाज ऐकतात.’ खरा घोळ इथे आहे. कॅनरी या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या भुकेल्या पिलाने तोंड उघडलं की आतला भाग रक्ताने लाल होतो आणि भूक जास्त तशी लाली जास्त. संशोधक रिबेका किल्नर यांनी काही पिलांची तोंडं खाण्याच्या रंगाने आणखी लाल केली, तर त्यांना जास्त घास मिळाले. आवाज तोच, बदलला फक्त रंग.

यावर कोणीतरी कुकूचं उदाहरण देणारच. कोकिळेच्या कुळातला हा पक्षी रीड वॉर्बलर नावाच्या चिमुकल्या वटवट्याच्या घरट्यात अंडं घालतो. त्याचं पिल्लू घरट्यातली बाकीची अंडी-पिलं बाहेर ढकलतं आणि मग एकटंच इतकं भराभर ओरडतं, की अख्खं घरटंभर पिलं ओरडताहेत असं वाटावं. म्हणजे ओरडणाराच जिंकला ना? पण इतकं ओरडावं का लागतं, ते बघा. किल्नर, नोबल आणि डेव्हिस यांनी १९९९ मध्ये दाखवलं की वटवटे दोन गोष्टी एकत्र जोखतात : उघड्या तोंडांचं एकूण क्षेत्रफळ आणि हाकांचा वेग. कुकूकडे तोंड एकच. डोळ्यांना कमी पडतं ते तो कानांवाटे भरून काढतो. नुसत्या आवाजावर काम भागलं असतं, तर ही भरपाई लागलीच नसती.

‘ओरडायला काही खर्च येत नाही.’ अर्धं खरं. मोजल्यावर ऊर्जेचा खर्च फार मोठा निघालेला नाही. पण जमिनीवर ठेवलेल्या नकली घरट्यांजवळ पिलांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवले, तेव्हा भक्षकांनी ती घरटी जास्त लुटली. तिथे एकाच्या ओरडण्याची किंमत सगळी भावंडं चुकवतात.

‘गप्प राहणारं उपाशी मरतं.’ गव्हाणी घुबडाची पिलं हे खोडून काढतात, आणि मला स्वतःला सगळ्यात गमतीचं हेच वाटतं. आई-बाप एका खेपेला बहुधा एकच उंदीर आणतात आणि तो वाटून खाता येत नाही. ते बाहेर असतानाच पिलं एकमेकांना आवाज देत बसतात. आलेक्झांद्र रुलँ यांच्या स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासानुसार, जास्त भुकेलं पिल्लू जास्त हाका मारतं आणि पोट भरलेलं भावंड गप्प बसून पुढचा उंदीर त्याला सोडतं. गप्प बसणारं तिथे उपाशी नसतंच.

गायबगळ्यांत तर प्रश्न आवाजाचा उरतच नाही. आधी जन्मलेलं पिल्लू धाकट्याला चोचीने बडवतं आणि आई-बाप सहसा मध्ये पडत नाहीत.

मग आई-बाप पिलाची हाक मानतात तरी कधी? शाना कारो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १४३ जातींची माहिती एकत्र तपासली. अन्न भरपूर आणि भरवशाचं असेल तिथे मागणाऱ्या, गरजू पिलाकडे जास्त लक्ष दिलं जातं. अन्नाची शाश्वती नसेल तिथे आई-बाप मागण्याकडे काणाडोळा करतात आणि अंगाने मोठ्या, जगण्याची शक्यता जास्त असलेल्या पिलाला भरवतात. तिथे धाकट्याने कितीही गळा काढला तरी घास थोरल्याकडे जातो.