भूल दिली म्हणून भीती विसरत नाही

गेल्या महिन्यात मावसभावाच्या मुलाला मोटारसायकलवर अपघात झाला. त्याची मांडी मोडली. मागे बसलेला मित्र जास्त जखमी, तो आयसीयूत. पोराचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. "अगं, तू भूलतज्ज्ञ ना? मग त्याला अजून दोन दिवस भूल देऊन ठेवायला सांग की तिथल्या डॉक्टरांना. तो प्रसंग विसरेल तरी. आमच्या ग्रुपवर आलंय." पाठोपाठ 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असलेला तो मजकूरही आला.

मजकुराचा सारांश असा: आघातानंतर सहा तासांत भूल दिली तर भीतीची आठवण मेंदूत पक्की होतच नाही. हे उंदरांवर सिद्ध झालंय, स्पेनमध्ये माणसांवर सिद्ध झालंय, अमेरिकेचं सैन्य वापरतंय. भूल शक्य नसेल तर निदान झोपेचं औषध द्या. डॉक्टर हे सांगत नाहीत.

मावशीला फोनवर जे सांगितलं ते घाईचं होतं. इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी त्यात खरं काय आहे ते. आठवण घडल्या क्षणी पक्की होत नाही, विरजणासारखी हळूहळू लागते. लागत असताना भांडं हलवलं तर दही बिघडतं, तसं त्या काही तासांत मेंदूत ढवळाढवळ केली तर आठवण कच्ची राहू शकते. इथवर ठीक. पुढे मात्र दह्याची उपमा चालत नाही, कारण लागलेली आठवण पुन्हा पातळही होते. २००० साली न्यूयॉर्कमध्ये नादेर, शेफ आणि लेडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून विजेचा हलका झटका दिला. नंतर नुसता आवाज ऐकवून ती आठवण जागी केली आणि लगेच मेंदूच्या अमिग्डाला या भागात एक औषध सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याच आवाजाला उंदीर फारसे घाबरले नाहीत. आवाज न ऐकवता औषध दिलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. पण ते औषध भुलेचं नव्हतं. ते पेशींमधली प्रथिनांची निर्मिती थांबवणारं होतं आणि थेट मेंदूत टोचलेलं होतं. या एका प्रयोगाच्या जोरावर किती फॉरवर्ड जन्माला आले असतील, देव जाणे.

"भूल दिली की मागचं पुसलं जातं." हा समज सर्वांत जुना. रुग्ण शुद्धीवर येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, मला काहीच आठवत नाही." बरोबर आहे, पण त्याला आठवत नाही ते औषध शिरेत गेल्यानंतरचं. मिडॅझोलाम हे गुंगीचं औषध पुढची नोंद थांबवतं, मागची पानं फाडत नाही. स्ट्रेचरवरून दिसलेले छतावरचे दिवे, कोणी नाव विचारलं, प्रोपोफॉल हे भुलेचं पांढरं इंजेक्शन जाताना हात कसा जळजळला, हे लोक वर्षांनंतरही सांगतात. आणि साधा हिशेब करा. अपघातातले कितीतरी जण तासा-दोन तासांत टेबलावर येतात, त्यांना पूर्ण भूल दिली जाते. मजकूर खरा असता तर यांच्यापैकी कोणीही नंतर ट्रकचा हॉर्न ऐकून दचकलं नसतं.

"उंदरांवर सिद्ध झालंय." कोणत्या औषधाने, कोणत्या वेळी? २०११ साली हाउअर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना झटक्याची जागा टाळायला शिकवलं आणि शिकल्या-शिकल्या प्रोपोफॉल दिलं. फॉरवर्डनुसार ते उंदीर सगळं विसरायला हवे होते. त्यांना उलट जास्त चांगलं आठवलं! आपल्या शरीरात गांजातल्या द्रव्यासारखी काम करणारी काही रसायनं तयार होतात. प्रोपोफॉल त्यातल्या एकाचा निचरा रोखतं. त्या रसायनांचा मार्ग आधीच बंद केला, तेव्हा आठवण वाढण्याचा परिणामही गेला. म्हणजे ज्या पांढऱ्या इंजेक्शनवर मावशीच्या ग्रुपची भिस्त आहे, त्यानेच निदान उंदरांत तरी भीती घट्ट केली. दुसरीकडे २०१४ साली अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात झेनॉन वायूने उंदरांमधली भीती कमी झाली, पण तीसुद्धा आठवण जागी केल्यावर वायू दिला तेव्हा. 'भूल' हे एक औषध नाही. प्रोपोफॉल आणि मिडॅझोलाम एका वाटेने काम करतात, केटामाइन आणि झेनॉन दुसऱ्या. सगळ्यांना एकाच वाक्यात बसवणं म्हणजे आंबट ते सगळं लिंबू म्हणण्यासारखं.

"स्पेनमध्ये माणसांवर सिद्ध झालंय." हा मुद्दा सर्वांत कुशलतेने मुरडलेला आहे, कारण अभ्यास खरा आहे आणि चांगलाही. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला आलेल्या ५० जणांना आठवडाभर आधी चित्रांतून दोन गोष्टी दाखवल्या होत्या. प्रत्येक गोष्टीच्या मधोमध एक अप्रिय प्रसंग. तपासणीच्या दिवशी एका गोष्टीची आठवण करून दिली आणि लगेच प्रोपोफॉल दिलं. शुद्धीवर आल्यावर लगेच विचारलं त्यांच्यात फरक नव्हता. २४ तासांनी विचारलं, त्यांना आठवण करून दिलेल्या गोष्टीतला अप्रिय भाग कमी आठवला.

आता हे फॉरवर्डशी जुळवून बघा. कोणालाही आघात झाला नव्हता, पडद्यावर पाहिलेली गोष्ट होती. आठवण सहा तासांची नव्हती, आठवड्याची होती. नुसतं औषध पुरलं नाही, आधी आठवण मुद्दाम जागी करावी लागली. आणि मोजली ती गोष्टीची आठवण. भीती मोजलीच नाही.

या शेवटच्या वाक्यावर मला थोडं रेंगाळायचंय, कारण सगळा घोळ तिथे आहे. जिनिव्हाच्या क्लापारेद नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यांच्या एका रुग्ण बाईची स्मृती इतकी गेली होती की डॉक्टर रोज नव्यानेच भेटत. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. (आज असं करायला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही.) थोड्या वेळाने टाचणीचा प्रसंग ती विसरली, पण पुन्हा हात पुढे केल्यावर तिने आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. १९९५ साली अमेरिकेत हेच नीट तपासलं गेलं. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या हकीकती साठवणाऱ्या भागाला इजा झालेल्या रुग्णाला धोक्याची खूण कोणती हे सांगता येत नव्हतं, पण ती दिसली की त्याच्या तळहाताला घाम फुटे. अमिग्डालाला इजा झालेल्याला खूण तोंडपाठ होती, पण घाम नाही. म्हणजे हकीकत एका जागी राहते आणि धसका दुसऱ्या. समजा, भुलेने पोराच्या डोक्यातून अपघाताची हकीकत गेलीच. मग त्याच वळणावर त्याला घाम फुटेल आणि कशाने ते कळणार नाही. हे बरं की वाईट?

"अमेरिकेचं सैन्य वापरतं." सैन्य केटामाइन वापरतं ते दुखणं कमी करायला आणि ऑपरेशनसाठी. त्याचं आठवणींशी नातं योगायोगाने पुढे आलं. २००८ साली टेक्ससमधल्या लष्करी रुग्णालयात भाजलेल्या सैनिकांच्या नोंदी तपासल्या. केटामाइन मिळालेल्यांपैकी सुमारे २७ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ४६ टक्के सैनिकांना आघातोत्तर ताणविकार (पीटीएसडी) होता. केटामाइनवाल्यांचं भाजणं जास्त असूनही! तेव्हा आम्ही भूलवालेही हरखलो होतो. पण २०१४ मध्ये जास्त नोंदी घेऊन तेच पुन्हा तपासलं, तेव्हा फरक उरला नाही. आणि २००५ सालच्या जर्मन अभ्यासात अपघातानंतर केटामाइनचा एक प्रकार मिळालेल्यांना वर्षभराने लक्षणं जास्त दिसली होती. नोंदींच्या अभ्यासांत हे होतंच. औषध कोणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसतं.

जुन्या ताणविकारावर केटामाइन देऊन पाहणं हा वेगळा विषय. २०१४ मध्ये ४१ जणांच्या चाचणीत २४ तासांत आराम दिसला. २०२२ मध्ये दीडशेहून जास्त सैनिक आणि माजी सैनिकांच्या चाचणीत ताणविकारावर तसा फायदा दिसला नाही, नैराश्य मात्र उतरलं. यातलं काहीही अपघातानंतरच्या सहा तासांबद्दल नाही.

गंमत म्हणजे फॉरवर्डच्या बाजूचा बऱ्यापैकी पुरावा त्या मजकुरात नाहीच. २०१६ साली लंडनमध्ये ५० जणांना त्रासदायक चित्रफीत दाखवून लगेच अर्धा तास नायट्रस ऑक्साइड (हसवणारा वायू) हुंगवला. डोक्यात आपोआप येणारी ती दृश्यं त्यांच्यात लवकर ओसरली. मात्र ज्यांना भान सुटल्यासारखं जास्त वाटत होतं, त्यांच्यात हा फायदा उरला नाही. आणि खऱ्या अपघातात भान सुटणं काही विरळ नाही.

"निदान झोपेचं औषध तरी द्या." इथे मी हसणं थांबवते. भूल कोणी घरी देणार नाही, पण अल्प्राझोलाम या झोपेच्या, घबराटीच्या गोळीची पट्टी कित्येक घरांत कपाटात असते. हा सल्ला निरुपयोगी तर आहेच, वर घातकही असू शकतो. २०१५ सालच्या एकत्रित आढाव्यात आघातानंतर लगेच अल्प्राझोलामच्या गटातली औषधं दिलेल्यांत ताणविकाराचा धोका वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात मोठ्या माणसांना तणावाच्या लक्षणांसाठी ही औषधं देऊ नयेत. एक कारण असं मानतात: भीती उतरते ती हॉर्न पुन्हा पुन्हा ऐकूनही काही वाईट घडलं नाही, हे शिकून. सुस्तावलेला मेंदू ते शिकायलाच कमी पडतो.

"डॉक्टर हे सांगत नाहीत." सांगण्यासारखं असतं तर पहिल्यांदा आम्हीच सांगितलं असतं, धंदा आमचाच आहे.

मावशीला मी सांगितलं, दोन दिवस भूल म्हणजे फुप्फुसाचा संसर्ग आणि पायात रक्ताच्या गुठळ्या यांना आमंत्रण. त्याऐवजी दुखणं पूर्ण ताब्यात ठेवायला सांग, तो मागेल त्याची वाट न बघता. इराकमध्ये जखमी झालेल्या ६९६ अमेरिकी सैनिकांच्या २०१० सालच्या अभ्यासात, ज्यांना ताणविकार झाला नाही त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांना सुरुवातीलाच मॉर्फिन मिळालं होतं. ज्यांना झाला त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांना. हाही नोंदींचाच अभ्यास, वर केलेली तक्रार त्यालाही लागू. पण दुखणं कमी करायला आणखी कारण कशाला हवं?

उरला तो आयसीयूतला मित्र. व्हेंटिलेटरवर आहे, त्यामुळे गुंगीत ठेवावाच लागतोय. अशा रुग्णांना नंतर छळतात ती गुंगीतली भलतीसलती दृश्यं. कोणीतरी गळा दाबतंय, खोलीत पाणी शिरतंय. म्हणून काही आयसीयूंत रोजनिशी ठेवतात: आज काय झालं, कोण आलं, नळी का घातली. युरोपातल्या २०१० सालच्या ३५२ रुग्णांच्या चाचणीत रोजनिशी मिळालेल्यांत नवा ताणविकार ५ टक्के होता, न मिळालेल्यांत १३. मला ही कल्पना फार आवडते, म्हणूनच हेही सांगायला हवं की २०१९ सालच्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. तरी वहीने नुकसान होत नाही. त्याच्या बहिणीने परवा दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर तिने अपघाताची वेळ लिहिली आणि मला विचारलं, गाडी कोण चालवत होतं ते लिहू का? म्हटलं, लिही.