एकटीचा कप

आमच्या घरात एका माणसापुरतं काही होतच नाही. रात्रीचा उरलेला भात फोडणीला टाकला तरी वास घेत चार ताटल्या पुढे येतात. संत्र्याची बर्फी आणली की सासूबाई सुरी घेऊन बसतात आणि एका वडीचे असे सारखे पाच तुकडे करतात की सराफानं वजन करून घ्यावेत. त्यामुळे 'कपातला केक, मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिटात, एका माणसाचा' असं भाचीनं सांगितलं तेव्हा मला केकपेक्षा 'एका माणसाचा' हेच जास्त गोड लागलं.

साहित्य किरकोळ. चार मोठे चमचे मैदा, दोन चमचे कोको, तीन साखर, तीन दूध, दोन तेल आणि पाव छोटा चमचा बेकिंग पावडर. अंडं नाही, कारण सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ते शिरत नाही. कोको आणायला मी इतवारीत गेले, हीच पहिली चूक. इतवारी म्हणजे नागपूरचा ठोक बाजार. मी म्हटलं, "दोन चमचे पुरे," तर दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी हळदीची एक चिमूट मागितली. शेवटी अर्धा किलो घ्यावा लागला. एका माणसाच्या चाळीसेक केकांची सोय.

चॉकलेटची वडी सीताबर्डीवरून घेतली. ती पिठात मधोमध खुपसायची, म्हणजे आत पाक होतो. पण चॉकलेट साधारण 34 अंशाला वितळतं आणि नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. घरी येईस्तोवर पर्समध्ये पाक तयार. 1945 च्या सुमाराला अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या यंत्राजवळ वितळलं आणि त्यावरून त्याला मायक्रोवेव्ह सुचला, असं सांगतात. तो आमच्याकडे असता तर त्याला नुसतं ऊन लागलं असतं. ते चॉकलेट मी फ्रिजमध्ये कारल्याच्या पिशवीत लपवलं. ती पिशवी आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

पहिला प्रयोग आहेरात आलेल्या सोनेरी काठाच्या कपात केला. सुरू केल्याबरोबर आत तडतड ठिणग्या उडाल्या. सोनेरी काठ म्हणजे धातू, आणि तो आत चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. तोवर काठ काळा पडला होता. दुसऱ्या खेपेला बेकिंग पावडर संपलेली म्हणून खायचा सोडा घातला. सोड्याला फुलायला काहीतरी आंबट लागतं, ते पावडरमध्ये आधीच असतं. माझ्या पिठात पुरेसं आंबट काही नव्हतं. जे निघालं ते दिसायला केक होतं, चवीला कपड्याचा साबण. तिसऱ्यांदा दीड मिनिटाऐवजी अडीच मिनिटं ठेवला, कारण वरून ओला दिसत होता. तो तसाच काढायचा असतो, बाहेर आल्यावरही आतून शिजत राहतो. माझा चमचा त्यात उभा राहिला आणि उभाच राहिला. तो कप अजून चमच्यासकट भिजत आहे.

चौथ्या वेळी मात्र मी पुरी तयारी केली.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात तापलेले नऊ दिवस, चालू होता. रात्री एक वाजता घरचे चौघंही हॉलमध्ये कूलरसमोर पंगतीसारखे ओळीनं झोपलेले. कूलरच्या गवती ताट्या ओल्या, पंप चालू, कूलर असा गरजत होता की स्वयंपाकघरात कढई पडली तरी कळू नये. मी अंधारातच पीठ कालवलं. कप अर्धाच भरला, कारण पीठ दुप्पट फुगून उतू जातं. मधोमध कारल्याच्या पिशवीतलं चॉकलेट खुपसलं. सत्तर सेकंद लावले. शेवटची शिट्टी वाजण्याआधी दार उघडायचं, म्हणून हात दाराच्या मुठीवरच ठेवला. काचेतून बघत होते. पीठ आधी काठाशी हललं, मग मधून हळूहळू वर आलं, शेजारीण भिंतीवरून डोकावते तसं. मी मनात आकडे मोजत होते. पन्नास, एक्कावन्न, बावन्न...

आणि सगळं बंद.

महालातलं जुनं घर, वायरिंग त्याहून जुनं. कूलर, पंप आणि फ्रिज कसेबसे नांदत होते, त्यात माझा बाराशे वॅटचा मायक्रोवेव्ह शिरला आणि एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा खटका, पडला. कूलरचा आवाज थांबला की नागपूरचा माणूस जितक्या पटकन उठतो तितका घरात चोर शिरला तरी उठत नाही.

"काऊन वं, लाईन गेली का?" सासूबाई.

"शेजारी तर लाईन आहे ना!" नवरा टॉर्च घेऊन बोर्डाकडे निघाला आणि वाटेत थांबला. "कशाचा वास येऊन राह्यला?"

मुलीनं थेट मायक्रोवेव्ह उघडला. टॉर्चच्या उजेडात कप दिसला. काठ नीट बसलेला, वर चकाकी, आणि मधल्या चिरेतून चॉकलेटचा पाक बाहेर येत होता. बावन्न सेकंद! चार प्रयोगांत मला न सापडलेली वेळ एमसीबीनं शोधून काढली होती.

"एवढ्या राती का करून राह्यली होती?" सासूबाईंनी विचारलं.

"चाखून बघत होते, उद्या सगळ्यांसाठी करायचा म्हणून," मी म्हटलं. यावर कुणीच काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

नवऱ्यानं एमसीबी वर केला, कूलर पुन्हा गरजला, पण झोपायला कुणी गेलं नाही. केक कपात असल्यामुळे सुरी चालेना, म्हणून सासूबाईंनी चमचा घेतला आणि वयाप्रमाणे वाटप सुरू केलं. पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

"बरा झाला वं माय," त्या म्हणाल्या. "पण एवढासाच काऊन केला?"

माझ्या वाट्याला कपाचा तळ आला. तिथला मैदा अंधारात कालवायचाच राहून गेला होता.