बिली प्रेस्टनच्या लेखात चर्च एवढं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन कीबोर्डवादक बिली प्रेस्टनवरच्या माझ्या लेखावर सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप दोन आहेत. त्याचं नाव झालं ते लंडनमधल्या गच्चीवर बीटल्स या रॉक बँडबरोबर ऑर्गन वाजवल्यामुळे, तेव्हा त्याला गॉस्पेल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चमधलं भक्तिसंगीत) कलाकार म्हणणं ओढूनताणून आहे, हा पहिला. हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनचा एवढा तपशील फुकट होता, कारण ‘हे सगळं आज कुठल्याही कीबोर्डवर वाजतं’, हा दुसरा.

आधी सनावळी पाहू. जन्म १९४६चा, ह्यूस्टनचा. वाढला लॉस एंजेलिसमध्ये, आई चर्चमध्ये वाजवायची. दहा वर्षांचा असताना तो गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनच्या साथीला ऑर्गनवर बसला. १९६२ मध्ये गायक लिटल रिचर्डबरोबर इंग्लंडला गेला, तोही गॉस्पेलचा दौरा म्हणून. तिथे पोचल्यावर रिचर्ड रॉक अँड रोलकडे वळला, आणि बीटल्सची ओळख झाली ती याच दौऱ्यात. पुढच्या वर्षी गायक सॅम कुकच्या ‘नाइट बीट’ या अल्बमवर ऑर्गन वाजवला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. गॉस्पेल संगीतकार आंद्रे क्राउचच्या ‘कॉजिक्स’ नावाच्या चर्च-गायकगटातही तो होता. बीटल्सनी त्याला १९६९ मध्ये स्टुडिओत बसवून घेतलं ते या तयारीवर.

ही तयारी कसली, ते वाद्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. हॅमंड बी-३ची की जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच येतो. पियानोसारखा सूर लांबवणारा सस्टेन पेडल नाही. सूर जोडायचा तर बोट न उचलता त्याच कीवर दुसरं बोट सरकवावं लागतं. लहानमोठा आवाज उजव्या पायाच्या एक्स्प्रेशन पेडलवर, बास डाव्या पायाखालच्या २५ पट्ट्यांवर, आणि आवाजाचा रंग ड्रॉबार नावाच्या ओढायच्या दांड्यांवर. एका संचात नऊ ड्रॉबार, प्रत्येकाला ० ते ८ अशा खुणा. गॉस्पेलमध्ये नेहमीची सुरुवात म्हणजे पहिले तीन पूर्ण बाहेर, बाकीचे आत, सोबत परकशन, म्हणजे सुराच्या सुरुवातीला येणारा ठोका. नवशिके हमखास चुकतात ते इथेच. पहिल्याच कडव्याला नऊच्या नऊ ड्रॉबार ओढले की पुढे चढायला जागा उरत नाही. दुसरी चूक अशी, की शिट्टीसारखा टोकदार सूर हवा म्हणून नववा ड्रॉबार ओढायचा आणि परकशनही चालू ठेवायचं. बी-३मध्ये परकशनला इशारा देण्यासाठी नवव्या ड्रॉबारचाच संपर्क वापरलेला आहे, त्यामुळे तो ड्रॉबार मुका होतो. शिवाय आधीच्या सगळ्या की सोडल्याशिवाय परकशनचा ठोका पुन्हा येत नाही, म्हणून सूर तोडून वाजवावे लागतात.

ऑर्गनला जोडलेल्या लेस्ली या फिरत्या स्पीकरचंही तेच. वेगाचं बटण दाबल्यावर वरचा हॉर्न चटकन वेग घेतो, खालचा जड ड्रम काही सेकंद मागे राहतो. समूहगायन टिपेला पोचल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. ते आधीच्या ओळीत दाबायचं. आजचे चांगले कीबोर्ड ही सगळी नक्कल करतात, हे खरं. पण कधी, किती आणि का, हे बोटांना माहीत हवं. (अमेरिकेतून खरा बी-३ आणायचा विचार कुणी करत असेल तर सांगून ठेवतो: त्याची मोटर ६० हर्ट्झच्या विजेची. आपल्या ५० हर्ट्झवर तो तीन अर्धस्वरांहून किंचित जास्त उतरतो, पांढरी एक दाबली की खालची पांढरी सहा ऐकू येते, तीही किंचित उतरलेली. फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर घ्यावाच लागेल.)

चर्चमधल्या ऑर्गनवादकाचं खरं काम असतं प्रवचनकाराच्या आणि गायकाच्या श्वासामागे चालणं. वाक्य चालू असताना खाली धरून ठेवायचं, श्वास घेतला की त्या फटीत उत्तर द्यायचं. आता ३० जानेवारी १९६९ची लंडनमधली गच्ची बघा. तिथे प्रेस्टनपुढे ऑर्गन नाहीच. फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो आहे. त्यावरही तो गायकाच्या ओळी संपण्याची वाट बघतो, आणि ‘गेट बॅक’मधला सोलो वाट्याला आल्यावरसुद्धा मोजक्याच सुरांत काम करतो. ‘गेट बॅक’ची रेकॉर्ड ‘द बीटल्स विथ बिली प्रेस्टन’ अशा श्रेयाने निघाली. हॅमंडच ऐकायचा असेल तर ‘लेट इट बी’ ऐका.

त्याने चर्च सोडलं असं म्हणणाऱ्याला १९६९चं ‘दॅट्स द वे गॉड प्लॅन्ड इट’ हे त्याचं गाणं विचारात घ्यावं लागेल. संथ ऑर्गनवर सुरुवात, मग चढत जाणारं समूहगायन, शेवटी लय वाढवून थेट चर्चमधला ‘शाउट’, म्हणजे जलद लयीतला भक्तीचा जल्लोष. १ ऑगस्ट १९७१च्या बांगलादेशसाठीच्या मैफलीत, जिची सुरुवात पंडित रविशंकरांनी केली होती, हेच गाताना प्रेस्टन ऑर्गन सोडून उठला आणि मंचावर पुढे येऊन नाचला. उपासनेत अंगात आल्यावर नाचतात तसाच. त्याआधी, १९७० मध्ये, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गाणं पहिल्यांदा बाजारात आलं ते प्रेस्टनच्या आवाजात, मागे एडविन हॉकिन्स सिंगर्स हा गॉस्पेल गट. हॅरिसनची स्वतःची रेकॉर्ड नंतर निघाली. पुढच्या लेखात त्या दोन्ही रेकॉर्ड शेजारीशेजारी ठेवून ऑर्गनची कामगिरी ओळीगणिक लिहिणार आहे. तुमचे आक्षेप तिथेही जरूर कळवा.