उलटा वसंत

चार दिवस सुट्टीला जायचं ठरलं तेव्हा घरात माणसं चार होती आणि मत एकच होतं: झाडं फुललीत, हवा छान आहे, बाळाला जरा बदल होईल. बाळाचं मत कुणी घेतलं नव्हतं. साडेआठ महिन्यांच्या माणसाला विचारायची पद्धत नाही. असायला हवी.

सामानाबद्दल फार बोलत नाही. आम्हा तीन मोठ्या माणसांचे कपडे एका बॅगेत मावले. उरलेल्या पाच बॅगा आठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या होत्या.

खरी सुरुवात गाडीतून झाली. लहान बाळाची सीट गाडीत उलटी लावायची असते, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. एवढ्याशा अंगाच्या मानाने बाळाचं डोकं जड असतं आणि मान कच्ची. जोरात ब्रेक लागला तर उलट्या सीटमध्ये पाठ, मान, डोकं सगळ्याला एकदमच आधार मिळतो. हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं.

"अरे, पण बिचारीला काही दिसतच नाही," आई म्हणाली. "तू तर माझ्या मांडीवर बसून यायचास. काय झालं तुला?"

असं म्हणून ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. झालेलं काहीतरी समोरच दिसत असावं असं.

घाट सुरू झाला आणि कन्येने सूर लावला. बायकोने निदान केलं: कान. उंची बदलली की कानाच्या पडद्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबात फरक पडतो. आपण आवंढा गिळतो आणि मोकळे होतो. बाळाच्या कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते, शिवाय जवळजवळ आडवी. आवंढा गिळ म्हणून सांगता येत नाही, म्हणून पाजायचं. पाजायचं तर सीटमधून काढायचं, आणि सीटमधून काढायचं तर गाडी थांबवायची. दोन तासांचा रस्ता आम्ही साडेचार तासांत कापला. वाटेतलं प्रत्येक वळण मला आता नातेवाइकासारखं ओळखता येईल. आणि शेवटच्या वळणावर, मुक्कामाचं घर समोर दिसत असताना, उलटं बसलेल्या बाळाने उलटी केली.

"तरी मी म्हणत होते," आई म्हणाली. नेमकं काय म्हणत होती ते विचारायची आमच्यात ताकद नव्हती.

घर छोटंसं, टुमदार. खोलीच्या खिडकीसमोरच फुलांनी गच्च भरलेलं झाड. बायको त्या झाडाकडे बघून म्हणाली, "उद्या सकाळी चहा याच्याखाली." मी हो म्हणालो. आमच्या दोघांच्याही बोलण्यात अजून तो निष्पाप भाव होता.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गाजर शिजलं. माझ्या अनुभवात बाळाचा स्वयंपाक म्हणजे चार चमच्यांसाठी नऊ भांडी. आईने त्या केशरी लगद्यात बोट बुडवून चाटलं आणि तिचा चेहरा पडला.

"याला मीठ नाही."

"वर्षभर नाही घालायचं, आई," बायको म्हणाली. "मूत्रपिंडांवर ताण येतो."

"मग साखर?"

"तीही नाही."

"अगं, मग निदान थोडा मध तरी?"

मध म्हटल्यावर बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. मधात कधी कधी एका जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही; बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. घरच्या शिजवण्याने मरत नाहीत इतके चिवट. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं बाई. बेचव तर बेचव." मग उरलेलं गाजर तिने माझ्या ताटात वाढलं, मीठ न घालता. मला का, ते अजून कळलेलं नाही.

भरवण्याचं तंत्र असं, की बाळाच्या हातात एक चमचा द्यायचा, म्हणजे दुसऱ्या चमच्याने आपल्याला काम करता येतं. कन्येने पहिला चमचा घेतला, दुसराही घेतला, आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. मग भरलेला चमचा ओठांपर्यंत अगदी सरळ नेला. आम्ही तिघंही नकळत तोंड उघडून बसलो होतो. ओठांपाशी आल्यावर तिने तो सावकाश उलटा केला आणि खाली पडणाऱ्या गाजराकडे वाकून बघितलं. पडलं. पुन्हा उलटा केला, रिकामाच. या वेळी काही पडलं नाही, म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. ही माझी चूक होती.

थोडं गाजर घरमालकांच्या पांढऱ्या पडद्यावरही गेलं. गाजराचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. पाण्याने चोळलं तर डाग फक्त फिरायला निघतो. हे मला माहीत होतं आणि त्याचा मला अभिमानही होता. मी डागावर तेल चोळलं. गाजराचा डाग गेला. तेलाचा अजून आहे.

पण वसंताचा मुख्य त्रास गाजर नव्हे, उजेड. मार्चच्या २०-२१ तारखेला दिवस आणि रात्र साधारण सारखे होतात हे शाळेत शिकवतात. त्याच सुमारास दिवस सर्वांत झपाट्याने वाढत असतो, हे शिकवत नाहीत. ते बाळ झाल्यावर कळतं. रोज सूर्य कालच्यापेक्षा थोडा आधी हजर. अंधारात झोपेचं संप्रेरक पाझरतं, उजेड दिसला की आटतं. त्यात पहाटेची झोप मुळातच पातळ. पहिल्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी कन्या उठून बसली आणि तिने माझ्या नाकपुडीत बोट घालून मला वसंताची बातमी दिली. या वयाला दिवसभरात मिळून बारा ते सोळा तास झोप लागते म्हणतात. आमच्या हिशेबात त्या दिवशी दहा भरले. उरलेले तास तिने रडून वसूल केले.

"पहाटेची हवा चांगली असते," आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या रात्री बायको कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा गठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन आली. तिच्या डोळ्यांत जी चमक होती ती मी लग्नातही पाहिली नव्हती. आम्ही स्टुलावर चढून, कुजबुजत, खिडकी पूर्ण काळी केली. फुललेलं झाड पिशवीआड गेलं. झाड बघायला एवढा घाट चढून आलो होतो, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं. कुणी तो विषय काढला नाही.

कन्या सव्वासात वाजेपर्यंत झोपली. मी पावणेसहालाच जागा झालो, ती अजून का उठली नाही या काळजीने.

साडेनऊला तिची दिवसातली पहिली झोप. पुन्हा काळोख. तिला मध्ये घेऊन आम्ही दोघं श्वास धरून पडलो होतो, आणि बायकोने मला कोपराने ढोसलं. समोरच्या भिंतीवर काहीतरी हलत होतं. चिकटपट्टीच्या टोकाशी पिशवीला बोराएवढं भोक राहिलं होतं. ऊन घराच्या मागून येऊन थेट झाडावर पडलं होतं, आणि ते अख्खं झाड फुलांसकट भिंतीवर उतरलं होतं. उलटं. बुंधा वर छताजवळ, शेंडा खाली पलंगापाशी, फांद्या वाऱ्याने डोलताहेत. उजेड सरळ रेषेत जातो. शेंड्याचा भोकातून खाली येतो, बुंध्याचा वर चढतो. ११व्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने हे मांडून ठेवलंय, आणि कॅमेरा हा शब्दच लॅटिनमधल्या 'अंधाऱ्या खोली'वरून आलाय. मी हे कुजबुजत सांगायला लागलो तर बायकोने माझ्या तोंडावर हात ठेवला.

उशीर झाला होता. कन्या उठून बसली होती. ती रडली नाही. भिंतीकडे सरकली आणि खालच्या फुलांवर पंजा ठेवला. फुलं तिच्या हातावर आली. तिने हात उलटा करून बघितला, तर ती तळव्यावरही.

तेवढ्यात भिंतीच्या वरच्या अंगाला, छताला पाय लावून, डोकं खाली करून आई आली. बादली घेऊन. तिने एकेक झबलं झटकून दोरीवर टाकायला सुरुवात केली. झबली वरच्या दिशेने लोंबत होती. कन्या आजीकडे बोट करून खदाखदा हसायला लागली. मी चिकटपट्टी लावायला उठलो, तर बायकोने माझा सदरा धरून खाली बसवलं.

"झोपली का गं?" उलटी आई बाहेरून विचारत होती.

"गाढ!" बायको म्हणाली.